दुधातला युरिया पुन्हा पुन्हा वाढतोय? पेंड कमी करण्याआधी हे तपासा

दुधाच्या अहवालात युरिया (बाहेरून मिसळलेला नव्हे, गाईच्या अंगातच बनलेला) जास्त आला की पहिला हात पेंडीच्या पोत्याकडे जातो, कारण पेंड म्हणजे प्रथिन आणि जास्तीच्या प्रथिनाचाच युरिया होतो. मगभर पेंड कमी होते. आठवड्याभरात आकडा उतरतो, पाठोपाठ दूधही उतरतं, म्हणून पेंड पूर्ववत होते आणि पुढच्या महिन्यात तोच अहवाल पुन्हा हातात पडतो. खाद्याचं गणित जुळवून देण्याच्या कामात मला सगळ्यात जास्त वेळा हीच तक्रार भेटते. पेंड खरोखरच जास्त झालेली असते असे गोठे आहेत, पण तितकेच गोठे असे आहेत जिथे चूक मोजमापात, पाण्यात, चाऱ्याच्या ओलाव्यात किंवा ऊर्जेच्या तुटवड्यात निघते. म्हणून तपासण्या फुकटच्या आधी आणि खर्चाच्या नंतर अशा लावल्या आहेत. क्रम मोडू नका. तराजूवर सापडणाऱ्या चुकीसाठी प्रयोगशाळेचे पैसे भरण्यात काही हशील नाही.

लक्षणं

- दुधातला युरिया नायट्रोजन, ज्याला सगळे एमयूएन म्हणतात, सलग दोन-तीन अहवालांत १६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर. साधारण ८ ते १४ हा पट्टा ठीक धरतात.
- फॅट जागेवर, पण दुधातलं प्रथिन कळपाच्या नेहमीच्या पातळीखाली घसरलेलं.
- शेण पातळ, पडल्यावर थर न धरता पसरणारं.
- सकाळी गोठ्यात शिरल्याबरोबर अमोनियाने डोळे चुरचुरतात. रोज तिथे वावरणाऱ्याच्या नाकाला सवय झालेली असते, म्हणून हा प्रश्न बाहेरून आलेल्या माणसाला विचारा. वासराच्या तोंडाच्या उंचीला खाली वाकून एक श्वास घेतला तरी कळतं.
- गाई उलटतात, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. एमयूएन १९ च्या पुढे गेलं की गाभण राहण्याचं प्रमाण घटतं, असं अभ्यासांत दिसलेलं आहे.
- मूत पडतं तिथलं गवत जळून तपकिरी झालेलं आणि त्या डागाची कड मात्र गडद हिरवी.
- खुराक (पेंड, धान्य, कोंडा यांचं मिश्रण) वाढवला, खर्च वाढला, दूध तेवढंच.

एकट्या लक्षणावर निदान करू नका. पातळ शेण जंतांमुळे किंवा पोटातली आम्लता वाढल्याने, म्हणजे ॲसिडोसिसमुळेही होतं. गाय उलटण्याची कारणं तर डझनभर निघतील. वरच्यांपैकी तीनेक गोष्टी एकाच वेळी दिसत असतील आणि त्यात पहिली असेल, तर पुढे वाचा.

जास्तीचं प्रथिन जातं कुठे

हे समजून घेतल्याशिवाय तपासण्यांचा क्रम पटणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

गाईने खाल्लेलं बरंचसं प्रथिन आधी कोठीपोटातल्या, म्हणजे चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, सूक्ष्मजीवांच्या तावडीत सापडतं. ते फोडून त्याचा अमोनिया करतात आणि त्या अमोनियापासून स्वतःचं शरीर बांधतात. पुढे हे सूक्ष्मजीवच वाहत आतड्यात जातात आणि पचतात. गाईच्या पदरात पडणाऱ्या प्रथिनाचा मोठा वाटा असा आडवाटेने येतो. अट एकच: अमोनिया तयार होतो त्याच सुमाराला कोठीपोटात ऊर्जाही हजर हवी, म्हणजे आंबणारं पिष्ट, साखर, पचणारा तंतू. ती नसली तर अमोनिया वापराविना पडून राहतो, पोटाच्या भिंतीतून रक्तात शिरतो आणि यकृत त्याचा युरिया करतं. थोडा युरिया लाळेवाटे कोठीपोटात परत येतो, बाकीचा मुतातून जातो आणि रक्तात जितका असेल त्या प्रमाणात दुधातही उतरतो. हा युरिया बनवायलाही गाईची ऊर्जाच खर्ची पडते. प्रथिन वाया आणि वर ऊर्जाही वाया.

आता आकडे. २० लिटर दूध देणारी गाय दिवसाला १६ किलो शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरलेलं खाद्य, खाते असं धरू. खाद्यात प्रथिन १८ टक्के असेल तर तिच्या पोटात २.८८ किलो प्रथिन गेलं. त्याला ६.२५ ने भागलं की नायट्रोजन मिळतो, ४६० ग्रॅम. दुधात ३.२ टक्के प्रथिन धरलं तर दुधावाटे बाहेर पडणारा नायट्रोजन फक्त १०० ग्रॅम. म्हणजे शंभरातले २२ दुधात आणि उरलेले जवळजवळ सगळे शेणामुतात. प्रथिन १६ टक्क्यांवर आणूनही दूध टिकलं, तर आत जाणारा नायट्रोजन ४१० ग्रॅम होतो आणि दुधातला वाटा २४ टक्क्यांच्या वर जातो. गाईमागे रोजचे ५० ग्रॅम वाचले. दहा गाईंचा वर्षाचा हिशेब करा: १८० किलोच्या वर नायट्रोजन, म्हणजे साधारण ४०० किलो युरिया खतात असतो तेवढा. इतका माल पेंडीच्या भावाने विकत घेऊन मोरीत सोडला जातो.

आणि तो मोरीतच राहत नाही. शेणातला नायट्रोजन बराचसा सेंद्रिय रूपात बांधलेला असतो, तो सावकाश सुटतो. मुतातल्या युरियाचं तसं नाही. मूत शेणाला लागलं की शेणातल्या जिवाणूंचं युरिएज हे विकर काही तासांतच त्याचा अमोनिया करायला लागतं. जास्तीचं प्रथिन मुख्यतः मुताच्याच वाटेने बाहेर पडतं, त्यामुळे वाढलेला प्रत्येक टक्का सगळ्यात उडून जाणाऱ्या रूपात बाहेर येतो. हवेत गेलेला अमोनिया आम्लांशी संयोग पावून पीएम २.५ या सूक्ष्म कणांत भर घालतो, किंवा दूरच्या जमिनीवर आणि तळ्यांत उतरतो. जमिनीत राहिलेल्याचं नायट्रेट होऊन ते विहिरीपर्यंत झिरपतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम नायट्रेट ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. थोडा भाग नायट्रस ऑक्साइड बनून उडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट तापवणारा आहे.

गोठा धुणं, खड्डा झाकणं हे उपाय बरोबर आहेत, पण ते नायट्रोजन बाहेर पडल्यानंतरचे. गव्हाणीत केलेली दुरुस्ती पुढची सगळी साखळी हलकी करते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या अमोनियाविषयक मार्गदर्शिकेत, खाद्यातलं प्रथिन एका टक्क्याने उतरवलं तर गोठा, साठवण आणि शेतात पसरवणं या टप्प्यांवरचा अमोनिया ५ ते १५ टक्के कमी होतो असं दिलं आहे.

तपासणी १. अहवालातला आकडा नेमका कशाचा?

खर्च शून्य. काही प्रयोगशाळा दुधातला युरिया देतात, काही युरिया नायट्रोजन. दोन्ही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतात आणि दोन्हींच्या पुढे नुसतं ‘युरिया’ लिहिलेलं मी पाहिलंय. युरियाच्या वजनातला जेमतेम ४७ टक्के भाग नायट्रोजन असतो, म्हणून युरियाचा आकडा एमयूएनच्या २.१४ पट येतो. अहवालात २६ दिसलं आणि तो युरिया असेल, तर एमयूएन १२ च आहे आणि गोठ्यात काहीही बिघडलेलं नाही. प्रयोगशाळेला एक फोन करा. तक्रार इथेच मिटलेले गोठे थोडेथोडके नाहीत.

तपासणी २. नमुना कोणाचा आणि कधीचा?

एका गाईच्या एका धारेवरून खाद्य बदलू नका. एकाच गव्हाणीवर खाणाऱ्या दोन गाईंत चार-पाच अंकांचा फरक सहज असतो. एका गटातल्या आठ-दहा गाईंची सरासरी किंवा टाकीतलं एकत्र दूध हेच धरायचं. वेळही महत्त्वाची आहे. खाल्ल्यानंतर काही तास रक्तातला युरिया चढलेला असतो, मग उतरतो, त्यामुळे सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाचे आकडे सारखे येत नाहीत. दर वेळी त्याच धारेचा नमुना, त्याच प्रयोगशाळेत. एवढं सांभाळून दुसरा अहवालही वरच आला तर पुढे सरका.

तपासणी ३. पाणी

गाईला दर लिटर दुधामागे ३ ते ५ लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी कमी पडलं की मूत कमी होतं, रक्तातला युरिया दाटतो आणि दुधातलाही. शिवाय कमी पाणी पिणारी गाय खातेही कमी. हौदात हात घालून बघा: तळाला शेवाळ आहे का, धारेनंतर सगळ्या गाई एकदम येतात तेव्हा हौद रिकामा होऊन किती वेळात भरतो, दांडगी गाय बाकीच्यांना हुसकते का. याला अर्धा तास पुरतो.

तपासणी ४. मगाचं माप नव्हे, वजन

गव्हाणीपाशी उभं राहून एक फेरी बघा. कागदावरचं खाद्य वेगळं, माणूस टाकतो ते वेगळं आणि गाय खाते ते तिसरंच असतं. एकाच मगाने सोयाबीन पेंड, सरकी पेंड आणि कोंडा मोजला तर तिन्हींची वजनं वेगळी भरतात. नवं पोतं उघडलं, भरड बारीक आली, मग शिगोशीग भरला की काठोकाठ, एवढ्याने पाव किलो इकडचं तिकडे होतं. सकाळचा माणूस आणि संध्याकाळचा माणूस वेगळा असेल तर दोघांचे मग तराजूवर ठेवून बघा. हा प्रयोग मी हटकून करायला लावतो, आणि तो बघायला मालक जातीने हजर असला तर बरं.

मग उरलेला चारा. गव्हाणीत उरलेलं वजन करून टाकलेल्यातून वजा करा. नुसती जाड ताटं उरली असतील तर गाई निवडून खातायत, म्हणजे पेंड आणि पाला पोटात, तंतू गव्हाणीत. खाल्लेल्या खाद्याचं प्रथिन अशा वेळी ठरवलेल्यापेक्षा दोन-एक टक्क्यांनी वर असू शकतं. उपाय साधा आहे: कुट्टी बारीक करा आणि कोरड्या मिश्रणावर थोडं पाणी शिंपडा म्हणजे पेंड चाऱ्याला चिकटून राहते.

तपासणी ५. चाऱ्यात पाणी किती

ऋतू बदलला की तक्रार परत येते, तिचं सगळ्यात सामान्य कारण हे. हिरवा चारा किलोवर मोजला जातो, पण गाईला उपयोग त्यातल्या शुष्क पदार्थाचा. पाऊस पडल्यावर किंवा कोवळा असताना कापलेल्या चाऱ्यात पाणी जास्त असतं. किलो तेवढेच, खाणं कमी.

एक उदाहरण करून बघू. २५ किलो हिरवा मका, ३ किलो सुका चारा, ८ किलो खुराक. मक्यात २५ टक्के शुष्क पदार्थ असेल तर एकूण शुष्क पदार्थ साधारण १६ किलो होतो. मक्यात ८, सुक्या चाऱ्यात ४ आणि खुराकात २२ टक्के प्रथिन धरलं तर खाद्याचं एकूण प्रथिन १३.६ टक्के येतं. आता त्याच मक्यात शुष्क पदार्थ १५ टक्केच आहे असं धरा. एकूण खाणं १३.७ किलोवर येतं आणि प्रथिन १४.६ टक्क्यांवर चढतं. कोणीही पेंड वाढवलेली नाही, तरी प्रथिनाची टक्केवारी एका अंकाने वर आणि ऊर्जा अडीच किलो शुष्क पदार्थाइतकी खाली.

मोजायला घरचा मायक्रोवेव्ह चालतो. १०० ग्रॅम कुट्टी ताटलीत पसरा, कोपऱ्यात पाण्याचा पेला ठेवा म्हणजे चारा जळत नाही. आधी दोन-तीन मिनिटं, मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या फेऱ्या, वजन उतरायचं थांबेपर्यंत. उरले तितके ग्रॅम म्हणजे तितके टक्के शुष्क पदार्थ. चाऱ्याचा नवा तुकडा कापायला घेतला, मुरघासाचा (दाबून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) नवा खड्डा उघडला किंवा पाऊस झाला की हे करा.

तपासणी ६. प्रथिनाची बेरीज

आता मोजलेल्या वजनांवरून कागदावर बेरीज मांडा. शुष्क पदार्थावर ढोबळ आकडे असे: सुका कडबा आणि पेंढा ३ ते ५ टक्के, मक्याचा मुरघास ७ ते ९, मक्याचा भरडा ८ ते ९, लसूणघास १८ ते २०, सोयाबीन पेंड ४५ ते ५०. सरकी पेंडीत टरफल काढलेली आणि न काढलेली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे तिथे अंदाज चालत नाही. पोत्यावरची पट्टी वाचा आणि तो आकडा शुष्क पदार्थावर आहे की आहे त्या वजनावर, हेही बघा.

बऱ्यापैकी दूध देणाऱ्या गाईला १५ ते १७ टक्के पुरतं, दूध उतरत आलेल्या आणि भाकड गाईला १२ ते १४. बेरीज १८-१९ निघाली तर दोषी सापडला. बहुधा असं होतं की लसूणघास हाताशी आली म्हणून वाढवली जाते आणि पेंड तशीच चालू राहते. दोन प्रथिनं एकावर एक.

दोन जागा हमखास विसरल्या जातात. पहिली, युरिया प्रक्रिया केलेला पेंढा. त्याचं प्रथिन जवळपास दुप्पट झालेलं असतं, तरी बेरजेत तो साधा पेंढा म्हणून लिहितात. दुसरी, तयार पशुखाद्यात घातलेला युरिया. खताच्या युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे प्रथिनाच्या हिशेबात २८७ टक्के. चिमूटभरही बेरीज हलवतो. एकूण शुष्क पदार्थाच्या १ टक्क्यापेक्षा जास्त युरिया कोणत्याही मार्गाने पोटात जाता कामा नये.

तपासणी ७. ऊर्जा पोचतेय का

बेरीज १५-१६ आली, तरी एमयूएन १८? मग प्रथिन जास्त नाही, त्याला जोडीदार मिळत नाही. इथे पेंड कापली तर दूध आपटतं आणि सुरुवातीला सांगितलेलं चक्र सुरू होतं.

दुधातलं प्रथिन आणि एमयूएन शेजारी ठेवून वाचा. एमयूएन वर आणि दुधातलं प्रथिन खाली असेल तर ऊर्जा कमी. एमयूएन वर पण दुधातलं प्रथिन नेहमीसारखं असेल तर खाद्यात प्रथिन जास्त, त्यातही कोठीपोटात पटकन विरघळणारं. दोन्ही खाली असतील तर गाय प्रथिनालाच उपाशी आहे. एमयूएन १० च्या आसपास आणि दुधातलं प्रथिन चांगलं असेल तर काही करू नका, उत्तम चाललंय. ताज्या व्यालेल्या गाईंत आणखी एक खूण: फॅटच्या टक्क्याला प्रथिनाच्या टक्क्याने भागा, उत्तर १.४ च्या वर येत असेल तर गाय अंगातली चरबी जाळून दूध देतेय.

ऊर्जा गव्हाणीत आहे पण पोचत नाही, असंही होतं. मूठभर ताजं शेण चाळणीत घेऊन नळाखाली धुवा. मक्याचे अख्खे किंवा अर्धे दाणे खडखडीत उरले तर भरडा जाडा आहे आणि त्यातलं पिष्ट आरपार जातंय. भरडा बारीक करा, पण पिठासारखा नको, नाहीतर आम्लता वाढते. मुरघासातले दाणे फुटलेले नसतील तरी हेच दिसतं.

वेळेचंही बघा. धारेच्या वेळी चार किलो खुराक एकदम आणि चारा दोन तासांनी, ही पद्धत सोयीची असते पण कोठीपोटाला झेपत नाही. पीठ मळून झाल्यावर पाणी आणून देण्यासारखं ते आहे. खुराक एका वेळी तीन किलोच्या आत ठेवा, दिवसात तीन-चार वेळा विभागा, किंवा चाऱ्यात मिसळूनच द्या. नुसत्या या बदलाने, एक ग्रॅम पेंड कमी न करता, एमयूएन खाली आलेलं मी अनेकदा पाहिलंय.

ऊर्जा वाढवायची तर भरडा दिवसाला पाव किलोच्या पायरीने, आणि रवंथावर लक्ष ठेवून. आराम करणाऱ्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हव्यात. शेण अचानक पातळ, आंबूस झालं तर तिथेच थांबा.

तपासणी ८. कोवळा आणि खत दिलेला चारा

नायट्रोजनचं खत टाकून लगेच कापलेल्या कोवळ्या गवतात प्रथिन २० टक्क्यांच्या वर जातं, त्यातलं बरंचसं झटकन विरघळणारं, आणि साखर त्या मानाने कमी. अशा आठवड्यांत खुराकातली पेंड उतरवा आणि धान्याचा वाटा वाढवा. कापणी थोडी लांबवता आली तर उत्तम. चाऱ्याला खताचा हात सैल असेल तर तोही आखडा, कारण गोठ्यातून सुटलेला नायट्रोजन आणि शेतात ओतलेला नायट्रोजन शेवटी एकाच विहिरीत भेटतात.

तपासणी ९. सगळ्या गाईंना एकच ताट?

२५ लिटरची गाय आणि ८ लिटरची गाय एकाच गव्हाणीवर असतील, तर खाद्य वरच्या गाईच्या मापाने ठरतं आणि खालची गाय ते मुतून टाकते. दोनच गट केले तरी पुष्कळ. जागा नसेल तर मिश्रण मधल्या गाईच्या मापाचं ठेवा आणि वरच्या गाईंना खुराक वेगळा द्या. हे काम कष्टाचं आहे, म्हणून इतक्या खाली ठेवलंय, पण कळपाचा नायट्रोजन सगळ्यात जास्त इथेच वाचतो.

तपासणी १०. प्रयोगशाळा

इथवर काही सापडलं नसेल तर चारा, मुरघास आणि खुराकाचे नमुने पाठवा. मुरघासाचा नमुना एका जागचा नको. उघड्या तोंडावरच्या आठ-दहा जागांहून घेऊन, मिसळून, हवा काढलेल्या पिशवीत भरा. नुसतं एकूण प्रथिन मागू नका, विरघळणारं प्रथिन आणि पिष्टही मागा. दोन खाद्यांचं एकूण प्रथिन १६ च असलं तरी एकाचं कोठीपोटात लगेच फुटतं आणि दुसऱ्याचं तिथे न फुटता, बायपास होऊन आतड्यात पोचतं. एमयूएन पहिल्याचंच चढतं.

प्रथिन उतरवायचं कसं

कारण सापडलं आणि प्रथिन खरोखरच जास्त निघालं, तर एकदम दोन टक्के कापू नका. अर्धा टक्का उतरवा आणि दोन-तीन आठवडे थांबा. एमयूएन आठवड्याच्या आत बोलतं, दूध सावकाश बोलतं. दूध आणि दुधातलं प्रथिन दोन्ही टिकलं तर आणखी अर्धा टक्का. दूध घसरलं तर एक पायरी मागे या. एका वेळी एकच बदल करा. पेंड, चारा आणि वेळापत्रक एकदम बदललं तर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही. जास्त दुधाच्या गाईंना १५ टक्क्यांच्या खाली स्वतःच्या बळावर नेऊ नका, कारण तिथे मिथिओनिन आणि लायसिन या अमिनो आम्लांचा तोल सांभाळावा लागतो आणि ते काम मगाने होत नाही.

तोवर गोठ्यात मूत साचू देऊ नका. उतार नीट करा, शेण दिवसातून जास्त वेळा ओढा, मूत आणि शेण जितकं वेगळं राहील तितकं बरं. यातून एमयूएन हलणार नाही, पण डोळ्यांची चुरचुर थांबेल. खड्डा झाका आणि शेतात पसरवलेलं शेणखत लगेच मातीआड करा, नाहीतर गोठ्यात वाचवलेला अमोनिया बांधावर उडतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पशुवैद्यकाला ताबडतोब, पुढच्या धारेची वाट न बघता: खाल्ल्यावर तासाभरात गाय थरथरायला लागली, लाळ गाळतेय, पोट फुगलंय, तोल जातोय. ही युरियाच्या विषबाधेची खूण असू शकते आणि तिथे मिनिटं मोजावी लागतात. उरलेलं खाद्य सगळ्या गव्हाणींतून काढा. खत दिलेला किंवा पाण्याचा ताण पडलेला चारा खाऊन गाय धापा टाकतेय आणि हिरड्या चॉकलेटी दिसतायत, तर नायट्रेटची शंका घ्या. तिथेही स्वतः उपचार करू नका. कधी एमयूएन ठीक असूनही हे घडतं, कारण एमयूएन नायट्रेट दाखवत नाही.

पशुवैद्यकाला सवडीने: एमयूएन खाली आल्यावरही गाई उलटतच असतील, व्यालेल्या गाई खाणं सोडून बारीक होत असतील, किंवा खाद्य सुधारूनही शेण पातळच राहत असेल. हे दुखणं खाद्याचं नाही, जनावर तपासून घेण्याचं आहे.

आहारतज्ज्ञाला: दहाही तपासण्या झाल्या, बेरीज १५-१६ आहे, भरडा ठीक आहे, तरी एमयूएन १६ च्या वर. किंवा प्रथिन उतरवलं की दर वेळी दूध पडतंय. किंवा १५ टक्क्यांच्या खाली जायचंय. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेबाहेर आलं असेल तर ते पाणी तान्ह्या बाळाला देणं आधी बंद करा, कारण त्या वयात ते रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी करतं. मग पाणी आणि शेणखत या दोन्हींचा जाणकार गाठा.

बोलावण्याआधी चार गोष्टी कागदावर तयार ठेवा: शेवटचे तीन अहवाल, त्यातला आकडा युरियाचा की युरिया नायट्रोजनचा याच्या टिपेसह, तराजूवर मोजलेली रोजची वजनं आणि उरलेला चारा, मायक्रोवेव्हमधला शुष्क पदार्थ, आणि गेल्या महिन्यात कोणतं पोतं, कोणता तुकडा, कोणता खड्डा कधी बदलला त्याच्या तारखा. शेवटची यादी बहुतेकांकडे नसते, आणि पहिला प्रश्न तिथूनच येतो.